वाचनस्पर्धेला विषय हवा

कोणी किती पुस्तके वाचली एवढेच वाचनस्पर्धेत मोजले, तर मुले केवळ पाने उलटतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी पाचवी ते आठवीच्या विद्यार्थ्यांपुढे प्रत्येक सत्रात एकच विषय ठेवावा. ‘शाळा’ हा विषय घेतला, तर रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेतील तोत्तोचान आणि भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे शेजारी शेजारी वाचता येतील. ‘करुणा’ या विषयासाठी जातककथा आहेतच. एकाच विषयावरची तीन पुस्तके वाचणारे मूल तुलना करू लागते, लेखकाशी वादही घालू लागते. कालामसुत्तात तथागतांनी सांगितलेल्या चिकित्सेचा आरंभ तो हाच.

१९०७ साली मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या भीमरावांना केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. एका पुस्तकाने काय घडू शकते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको. वसतिगृहातील अनेक मुलांच्या घरी पाठ्यपुस्तकांखेरीज पुस्तक नसते. म्हणून ग्रंथालयाचे कपाट रात्रीच्या अभ्यासाच्या वेळीही उघडे असावे, आणि माजी विद्यार्थ्यांनी हारतुऱ्यांऐवजी त्या त्या सत्राच्या विषयाची पुस्तके शाळेस द्यावीत, अशी आमची नम्र विनंती आहे.