मागच्या बाकावरील प्रश्न

काही दिवसांपूर्वी नार्नूर येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे व्यसनमुक्तीवर बोलण्याचा योग आला. यकृताचे विकार, अपघात, संसाराची धूळधाण असे नेहमीचे मुद्दे मी मांडले. शेवटी मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे सगळे पुरुषांचे झाले. बाईने दारू घेतली तर तिच्या शरीराला वेगळे काही होते का?" गर्भावरील दुष्परिणाम सांगून मी वेळ मारून नेली. परतताना जाणवले की मुख्य उत्तर दिलेच नव्हते. मद्य हे स्तनाच्या कर्करोगाचे एक सिद्ध कारण आहे, एवढे साधे वाक्य भरल्या वर्गात माझ्या तोंडून निघाले नाही. संकोच आडवा आला. हा संकोच माझ्या एकट्याचा नसावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही माहिती काही कालपरवाची नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आणि २००७ च्या फेरविचारात स्त्रियांच्या स्तनकर्करोगाशी असलेला त्याचा कार्यकारणसंबंध मान्य केला. शरीरात इथेनॉलपासून ॲसिटाल्डिहाइड तयार होते व ते पेशींतील जनुकद्रव्याला इजा करते. शिवाय मद्यामुळे रक्तातील इस्ट्रोजेनचे प्रमाण वाढते. पहिल्या पाळीपासून पहिल्या गरोदरपणापर्यंतच्या काळात स्तनातील पेशी पूर्णपणे परिपक्व झालेल्या नसतात. त्यामुळे हा काळ विशेष नाजूक मानला जातो, आणि महाविद्यालयाची वर्षे नेमकी याच काळात येतात.

मात्र भय वाढवू नये, प्रमाण सांगावे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार रोजच्या प्रत्येक १० ग्रॅम मद्यार्कामागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. विकसित देशांतील मद्य न घेणाऱ्या १०० स्त्रियांपैकी ८० वर्षे वयापर्यंत सुमारे ९ जणींना हा रोग होतो. रोज २० ग्रॅम घेणाऱ्यांत सुमारे १० जणींना. वाढ डोंगराएवढी नाही, पण टाळता येण्यासारखी आहे. वय, आनुवंशिकता, पाळी सुरू होण्याचे वय आपल्या हाती नसते. पेला हाती असतो. १० ग्रॅम म्हणजे व्हिस्कीचा ३० मिलिलिटरचा एक पेग. 'बिअर हलकी असते' असे मानणाऱ्या विद्यार्थ्यांना हेही सांगावे की, आठ टक्के मद्यार्काच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत सुमारे ४० ग्रॅम मद्यार्क असतो, म्हणजे असे चार पेग. विलायती असो, मोहाची असो वा ताडी असो, शरीराला इथेनॉल तेवढे कळते, बाटलीवरचे नाव कळत नाही.

'आपल्या बायका कुठे पितात?' असा आक्षेप येईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात मद्य घेणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी आढळले. तेलंगणात ते सुमारे पावणेसात टक्के, तर पुरुषांत ४३ टक्क्यांच्या घरात होते. आपण मराठी बोलतो, पण राहतो तेलंगणात. नार्नूरची मुले-मुली शिकण्यासाठी आदिलाबाद, हैदराबाद, नागपूर गाठतात. तिथे मैत्रीच्या आग्रहात पहिला पेला पुढे येतो, तेव्हा सोबत कोणी वडीलधारे नसते. असते ती फक्त घरून व वर्गातून नेलेली समज. गोंड बांधवांच्या देवकार्यातील मोहाच्या चार थेंबांवर मी टीका करीत नाही. पूजेतला थेंब आणि नित्याचा पेला यांत फरक आहे, आणि तो त्यांना आपल्याहून अधिक कळतो.

कायद्यावर विसंबून राहण्यातही अर्थ नाही. आंध्रातील १९९५ ची संपूर्ण दारूबंदी १९९७ मध्ये सैल झाली. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली आलेली बंदी २०२१ साली उठली. बंद्या येतात आणि जातात; वेळेवर मिळालेली समज मात्र सोबत राहते.

एक सावधगिरी आवश्यक आहे. आपल्या भागात स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या कित्येक स्त्रियांनी आयुष्यात दारूला स्पर्शही केलेला नसतो. या प्रबोधनातून 'हिने काहीतरी केले असेल' असा संशय त्यांच्या वाट्याला आला, तर आपण उपकार नव्हे, अपकार केला असे होईल. म्हणून मद्याच्या जोडीने लवकर निदानाचीही गोष्ट सांगितली पाहिजे. न दुखणारी गाठ दुर्लक्षित राहते, लाजेने लपवली जाते, आणि बाई आपल्यापर्यंत पोहोचते तेव्हा जखम झालेली असते. वरील सर्वेक्षणातच देशातील ३० ते ४९ वयोगटातील शंभरात एकीचीही स्तनतपासणी झालेली नव्हती. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ हातांनी केलेल्या तपासणीमुळे रोग अलीकडच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांतील मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. महागडे यंत्र नसले तरी बरेच काही करता येते, हा धडा नार्नूरसारख्या ठिकाणी मोलाचा आहे.

आता थोडे आपल्याविषयी. डॉक्टरांच्या एका संमेलनात दिवसभर कर्करोगावर व्याख्याने झाली आणि रात्रीच्या भोजनापूर्वी पेले भरले गेले. मीही तिथे होतो आणि काही बोललो नाही. आपली मुले आपले व्याख्यान ऐकत नाहीत, आपला पेला पाहतात. निदान मंडळाच्या कौटुंबिक कार्यक्रमांत मद्य नसावे, असा ठराव आपण करावा, अशी माझी नम्र सूचना आहे. दुसरी सूचना अशी की, प्रत्येक सभासदाने वर्षातून एकदा जवळच्या महाविद्यालयात मराठीतून व तेलुगूतून हा विषय मांडावा. स्त्री डॉक्टर सोबत असल्यास उत्तम. नसल्यास पुरुष डॉक्टरांनी संकोच सोडावा. आणि मुलांनाही त्याच वर्गात बसवावे, कारण पेल्याचा आग्रह बहुधा तेच करतात.

त्या विद्यार्थिनीला द्यायचे उत्तर माझ्याकडे बाकी आहे. पुढील महिन्यात पुन्हा नार्नूरला जाणार आहे. या वेळी ते देऊनच परतेन.