बेंडर नंतर घ्या, आधी पाईप मोजा



गेल्या पंधरा दिवसांत दोघांनी मला एकच प्रश्न विचारला: पाईप वाकवायचा बेंडर विकत घ्यावा की शेडमध्येच बनवावा? पहिला माझा भाचा. नागपुरात इंजिनिअरिंगला आहे आणि त्यांची टोळी बाहा स्पर्धेसाठी गाडी बनवते आहे. २००७ ला पिथमपूरला सुरू झालेली ही विद्यार्थ्यांची स्पर्धा. खड्ड्या-मातीतून पळणारी एका सीटची गाडी असते, आणि चालवणाऱ्याभोवती नळ्यांचा पिंजरा, म्हणजे रोल केज. दुसरा आमच्या कोराडीकडचाच, शेजारच्या वावराचा मालक. त्याला ट्रॅक्टरच्या सीटमागे लोखंडी कमान बसवायची आहे. ट्रॅक्टर उलटला तर जीव वाचला पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं.

भाच्याला मी म्हटलं, बनव. शेजाऱ्याला म्हटलं, नको बनवू. दोघंही थोडे नाराज झाले, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. पाईप आणि ट्यूब या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आपण दीड इंची पाईप म्हणतो, तो कुठूनही मोजला तरी बरोबर दीड इंच भरत नाही. बाहेरून तो ४८.३ मिमी असतो. एक इंची पाईप बाहेरून ३३.७ मिमी. हे माप पाणी वाहायच्या हिशोबातून आलेलं नाव आहे. ट्यूबचं तसं नाही. एक इंची ट्यूब म्हणजे बाहेरून खरंच २५.४ मिमी. आता होतं काय, की पोरं बाजारातून एक इंची ट्यूब आणतात, फॅब्रिकेशनवाल्याकडे नेतात, तो आपल्या बेंडरला एक इंची साचा लावतो. साचा ३३.७ च्या पाईपचा, आत ट्यूब २५.४ ची. दोन्ही बाजूंनी चार-चार मिमी मोकळी. बाजूने आधार नाही म्हणून ट्यूब चपटी होते, आतल्या अंगाला चुणी पडते. मग सगळे मशीनला शिव्या देतात. मशीनचा काय दोष?

म्हणून व्हर्नियर आधी, बेंडर मग. व्हर्नियर नसेल तर पाईपला सुतळी गुंडाळा आणि घेर ३.१४ ने भागा. बाहेरचा व्यास कळला की त्याला भिंतीच्या जाडीने भागायचं. भाच्याची ट्यूब २५.४ मिमी बाहेरून, ३ मिमी जाड. भागाकार साडेआठच्या आसपास. अशी ट्यूब भली असते, बरा साचा मिळाला तर गुमान वळते. भागाकार वीसच्या जवळ गेला की साचा अगदी मापाचा लागतो. पंचवीसच्या वर गेला आणि वळण लहान असेल, तर आत आधाराला मँड्रेल घातल्याशिवाय हात लावू नये. ट्रॅक्टरच्या छताला लोक १६ गेजचा पाईप वापरतात, म्हणजे जेमतेम १.६ मिमी भिंत. तो दुमडतो यात नवल नाही.

आता मशीन. गावोगावी वेल्डिंगच्या दुकानात असतो तो हातपंपाचा हायड्रोलिक बेंडर. दोन बाजूंना दोन टेकू, मधून जॅकचा दांडा साचा पुढे ढकलतो. माझ्या शेडमध्येही तोच आहे आणि मला तो आवडतो. गोठ्याची कमान, फाटक, फवारणीच्या टाकीचा स्टँड, सगळं त्यावर होतं. पण तो सगळा जोर पाईपच्या मध्यावर देतो, आणि पाईप साच्यावर ओढून धरायला त्यात काहीच नाही. जाड भिंतीचा सी क्लास पाईप निभावून नेतो, पातळ ट्यूब चपटी करतो.

पिंजऱ्याला लागतो तो फिरत्या साच्याचा बेंडर. त्यात गोल डाय असते, ट्यूबचं एक टोक डायला पकडीने घट्ट बांधलेलं, आणि डाय फिरली की ट्यूब तिच्याभोवती ओढली जाते. बाहेरून एक लांब खाचेचा ठोकळा तिला दाबून धरतो. ट्यूबला पसरायला जागाच उरत नाही. हा बेंडर बनवणं अवघड नाही, राजेहो. चॅनलचा पाया, दोन जाड पट्ट्या, मधे पिन, आणि बाजूला बॉटल जॅक. सगळा जीव डायमध्ये आहे. लेथवाल्याला खाच ट्यूबच्या बाहेरच्या व्यासाच्या बरोबर निम्म्या त्रिज्येची करायला सांगा, आणि खोली निम्म्या व्यासाला कमी नको. प्रत्येक मापाला वेगळी डाय लागते, त्यामुळे पिंजऱ्याच्या सगळ्या नळ्या शक्यतो एकाच मापाच्या ठेवल्या तर खर्च वाचतो.

जोर किती लागतो याचा हिशोब मी भाच्याबरोबर बसून केला. त्याच्या २५.४ च्या ट्यूबला दोन मीटरच्या दांड्याच्या टोकावर तीसेक किलो पुरतात, घर्षण वेगळं. म्हणजे दोन पोरं हाताने वाकवतील. तेच ४८.३ मिमीचा, ४ मिमी भिंतीचा सी क्लास पाईप घेतला तर तीन मीटरचा दांडा लावूनही सत्तर-ऐंशी किलो. तिथे जॅकच पाहिजे. जॅक किती टनी, यावर लोक फार भांडतात. आठ टनी सुद्धा भरपूर होतो. अडतं ते जॅकच्या धावेवर. बॉटल जॅकचा दांडा वीतभरही बाहेर येत नाही, तेवढ्यात ९० अंश होत नाहीत. म्हणून हाताच्या पट्टीला ओळीने भोकं पाडायची, जॅक संपला की पिन पुढच्या भोकात. जॅक आडवा लावणार असाल तर पंपाची बाजू खाली राहू द्या, नाहीतर तो तेलाऐवजी हवा ओढतो.

वळणाची त्रिज्या किती? मोटर शर्यतींचे जागतिक नियम करणारी एफआयए सांगते: पिंजऱ्याची ट्यूब थंडच वाकवायची, मध्यरेषेवरची त्रिज्या व्यासाच्या निदान तिप्पट, आणि वळणात ट्यूब चपटी झालीच तर लहान व्यास मोठ्याच्या ०.९ पेक्षा कमी नको. त्यांच्या मुख्य कमानीला ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी भिंतीची विनाजोड ट्यूब चालते. समजा वाकवल्यावर ती एकीकडून ४७, दुसरीकडून ४३ भरली, तर पास. ४८ आणि ४२ भरली, तर भंगारात. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेचं नियमपुस्तक वेगळं आहे, पण ही कसोटी कुठेही लावावी अशी आहे. तिप्पट का, तर बाहेरचं अंग ताणलं जातं आणि भिंत पातळ होते. तिप्पट त्रिज्येला बाहेरचं अंग सोळा-सतरा टक्के ताणतं, दीडपटीला तेहतीस टक्के. एवढं ताणलेलं लोखंड पुढच्या धक्क्याला काय साथ देणार?

जोडाची ट्यूब असेल तर आतली वेल्डिंगची रेघ शोधा आणि ती वळणाच्या कडेला ठेवा, बाहेरच्या किंवा आतल्या अंगाला नको. जीआय पाईप तर अजिबात नको. वाकवताना जस्त सुटतं, वेल्डिंग करताना त्याचा धूर छातीत जातो. आणि ९० ला थांबलात तर सोडल्यावर दोन-चार अंश परत येतं, म्हणून आधी एक तुकडा फुकट घालवून ते परत येणं मोजून घ्या.

आमच्या भागात पाईपची समज असलेल्यांची कमी नाही. सत्तरच्या दशकापासून इथे औष्णिक वीज केंद्र आहे. बॉयलर म्हणजे वाकवलेल्या नळ्यांचं जंगलच, आणि ठेकेदाराकडे त्या नळ्यांवर आयुष्य काढलेले फिटर, वेल्डर कोराडी-खापरखेड्यात घरोघरी सापडतील. त्यातल्या एका जुन्या फिटरचं म्हणणं, रेती भरून, गॅसने लाल करून वाकवा, मशीनची गरजच काय. त्यांचा हात मी पाहिला आहे, वळण सुरेख येतं. पण रेती ओली राहिली आणि दोन्ही टोकं बंद असली तर आत वाफ कोंडून बुच गोळीसारखं उडतं. शिवाय कुठे किती तापलं याचा हिशोब राहत नाही. फाटकाला, रेलिंगला ही रीत चांगली. पिंजऱ्याला मी ती वापरू देणार नाही.

इथवर भाच्याची गोष्ट. त्यांच्या गाडीला नियमपुस्तक आहे, स्पर्धेत तपासणारे आहेत, ट्यूबचा कागद मागितला जातो. पोरांनी चूक केली तर कोणीतरी गाडी मैदानात उतरूच देणार नाही. म्हणून म्हटलं, बनव.

शेजाऱ्याचं तसं नाही. त्याचं म्हणणं, "भाऊ, सी क्लासचा मोटा पाईप लावतो ना मी, त्याले काय होते?" त्याची भीती मात्र शंभर टक्के खरी आहे. पावसाळ्यात पांदणीत, नाल्याच्या उतारावर, धुऱ्यावरून वळताना ट्रॅक्टर उलटल्याची बातमी दरवर्षी येते. काळ्या मातीत फसलेला ट्रॅक्टर काढायला मागच्या चाकाला ओंडका बांधतात, चाक फिरत नाही आणि मग धूडच आसाभोवती मागे उलटतं. तो क्षण एका सेकंदाच्याही आत होऊन जातो. उडी मारायला वेळ नसतो.

पण गाडीचा पिंजरा आणि ट्रॅक्टरची चौकट यांत मोठा फरक आहे. पिंजऱ्याला चहूबाजूंनी नळ्या आणि आडवे तिरपे आधार असतात. ट्रॅक्टरवर मागच्या आसाच्या घरावर उभे दोनच खांब. त्यांनी ताठ राहून भागत नाही, ठराविक प्रमाणात वाकून मार गिळायचा असतो, आणि तरीही चालकाभोवतीची जागा शाबूत ठेवायची असते. फार ताठ केली तर बोल्ट तुटतात किंवा आसाचं घर फुटतं, फार मऊ केली तर माणसावर येते. ओईसीडीच्या चाचणीत, ट्रॅक्टरच्या प्रत्येक किलोमागे, चौकटीने बाजूच्या माराचे १.७५ जूल गिळावे लागतात आणि वरून २० न्यूटन दाब सहन करावा लागतो. दोन टनाच्या ट्रॅक्टरला हे झालं ३५०० जूल आणि साधारण चार टनांचा दाब. ही परीक्षा मोजमापाच्या मशीनवर होते. आपला वेल्डर कितीही हुशार असला तरी त्याच्या अंगणात ती होत नाही. आणि दुकानातला ए-बी-सी क्लासचा पाईप मुळात पाणी, हवा, वाफ वाहून नेण्यासाठीच्या मानकाचा, आयएस १२३९ चा. बांधकामाच्या नळ्यांना आयएस ११६१ आहे, पण तो कागद मागतो कोण?

अमेरिकेत नायॉश या सरकारी संस्थेने जुन्या ट्रॅक्टरांसाठी स्वस्त चौकटीचे आराखडे काढले, तेही मॉडेल ठरवून आणि आधी चाचणी करून. बेंडर त्यांच्याकडे काय कमी होते? तरी कोणालाही कसाही पाईप वाकवून लावा असं त्यांनी सांगितलं नाही.

माझा राग वेगळ्याच ठिकाणी आहे. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरला ही चौकट सक्तीची केली. आपल्या देशात बनलेले ट्रॅक्टर अमेरिकेत विकले जातात तेव्हा चौकट आणि सीटबेल्ट लावूनच जातात. म्हणजे आराखडा आहे, चाचणी आहे, कारखान्यात वाकवायचं मशीनही आहे. आमच्या वावरात मात्र तोच ट्रॅक्टर उघडा येतो आणि शेतकरी दीड इंची पाईप घेऊन बेंडर शोधत फिरतो. बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे, आमच्या विदर्भापासून फार लांब नाही. कृषी अभियांत्रिकीची मंडळी हे पेज वाचतात हे मला माहीत आहे. आपल्याकडे सर्वात जास्त चालणाऱ्या जुन्या चार-पाच मॉडेलांसाठी तपासलेला, मराठीत लिहिलेला आराखडा तुम्ही काढा. कोणती ट्यूब, कोणती त्रिज्या, कोणते बोल्ट, सगळं त्यात लिहा. वाकवायला आम्ही समर्थ आहोत.

तोवर शेजाऱ्याला मी एवढंच सांगितलं आहे: उन्हासाठी छत बनव, माझा बेंडर घेऊन जा, पण त्याला छतच म्हण. आसाच्या घराला वेल्डिंग करू नको. त्या छतासोबत सीटबेल्ट तर मुळीच लावू नको, कारण तपासलेली चौकट नसताना पट्टा माणसाला उलटत्या ट्रॅक्टरखाली बांधून ठेवतो. चौकट असेल तर मात्र पट्टा पाहिजेच. फसलेला ट्रॅक्टर काढायला दुसरा ट्रॅक्टर बोलाव, आणि ओढायची साखळी खालच्या हुकालाच लाव, वर नाही. नवा ट्रॅक्टर घेताना विक्रेत्याला लेखी विचार, या मॉडेलला कंपनीची चौकट मिळते का. संत्र्याच्या बागेत फांद्या लागतात अशी तक्रार असेल तर दुमडणारी चौकटही येते, बागेबाहेर आलं की ती परत उभी करून पिन घालायची.