ग्रहण कोणाला लागतें?

‘पाळलें तर काय बिघडलें?’ हा प्रश्न आमच्या सुशिक्षित वर्गाच्या फार आवडीचा आहे. राहु सूर्याला गिळतो असें मानणारा पदवीधर आज शोधूनही सांपडावयाचा नाहीं. पण घरांतील सून गरोदर असली, कीं ग्रहणाच्या दिवशीं त्याच पदवीधराच्या घरांतून विळी, सुरी, सुईदोरा हीं सारीं नाहींशीं होतात. तिनें कांहीं चिरलें तर बाळाचा ओठ चिरलेला निघेल, हें भय त्याच्या पदवीला पुरून उरलेलें असतें. शास्त्र आम्हांस मान्य आहे, पण उगाच विषाची परीक्षा कशाला, असें म्हणून तो मोकळा होतो.

काय बिघडतें तें आम्ही सांगतों. ओठ किंवा टाळू दुभंगलेलें मूल जगभर सुमारें ७०० जन्मांत एक, या प्रमाणांत जन्मास येतें; ग्रहण पाळणें ज्यांना ऐकूनही ठाऊक नाहीं अशा देशांतही येतें. आमच्याकडे असें मूल जन्मलें, कीं पुष्कळ घरीं पहिला प्रश्न डॉक्टरांना नव्हे, बाळंतिणीला विचारला जातो: ‘त्या दिवशीं काय चिरलेंस?’ नऊ महिन्यांत कोठलें ना कोठलें ग्रहण शोधून काढतां येतेंच, आणि दिवसभर हातावर हात ठेवून बसलेली बाई कोणत्या घरांत आहे? एखादी शेंग मोडलेली, एखादा दोरा तोडलेला तिला आठवतो आणि तिचा गुन्हा शाबीत होतो. मूल निकोप झालें तर श्रेय पाळण्याला, व्यंग निघालें तर दोष आईला. अशा न्यायासनापुढें कोणती आई निर्दोष सुटेल?

वास्तविक येथें कोणी कांहीं चिरलेलेंच नसतें. गर्भाचा वरचा ओठ हा वेगवेगळे भाग दोन्ही बाजूंनीं येऊन जुळल्यानें तयार होतो; ते नीट जुळले नाहींत म्हणजे फट राहते. ओठाची ही जुळणी गर्भाच्या सातव्या आठवड्याच्या सुमारास आटोपते, टाळूचीही पहिल्या तीन महिन्यांतच. म्हणजे सातव्या महिन्यांत जिच्या हातची विळी आपण काढून घेतों, तिच्या बाळाचा ओठ जुळावयाचा तो कधींच जुळून गेलेला असतो. आणि तो जुळत होता तेव्हां आपणांस दिवस गेले आहेत हें त्या माउलीलाही बहुधा नुकतेंच कळलेलें असतें. आनुवंशिकता, धूम्रपान, फेफऱ्यावरील कांहीं औषधें हीं या व्यंगाच्या ज्ञात कारणांपैकीं आहेत. पुष्कळदां तर एकच असें कारण दाखवितांही येत नाहीं. चंद्राची सावली मात्र त्या यादींत नाहीं.

मौज अशी, कीं मेक्सिकोंतही हीच समजूत आहे. पण तेथें बाळाचा ओठ वांचावा म्हणून गर्भवती ग्रहणाच्या वेळीं पोटाजवळ कपड्याला धातूची पिन अडकविते! येथें सुई घातक, तेथें सुई तारक.

जुन्यांचा आधार सांगणारांनीं एवढें ध्यानांत घ्यावें, कीं चंद्र सूर्याला झांकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला, हें आर्यभटानें इ. स. ४९९ मध्येंच लिहून ठेविलें. पंचांगांतील स्पर्श-मोक्षाच्या वेळा या सावल्यांच्याच गणितानें निघतात. आणि त्याच पंचांगांत बाल, वृद्ध, आजारी व गर्भवती यांना वेधांची सवलत दिलेली असते. ती काढून घेऊन गर्भिणीला दिवसभर अन्नपाण्यावांचून बसविणें हें आमच्या घरांचें स्वतःचें कर्तृत्व आहे. (उघड्या डोळ्यांनीं सूर्याकडे पाहूं नये हें मात्र खरें, पण तें सर्वांनाच लागू, आणि ग्रहण नसतांनाही.)

ओठाची शस्त्रक्रिया बाळ तीन ते सहा महिन्यांचें झाल्यावर होते, टाळूची साधारण दीड वर्षाच्या आंत. त्याआधीं अडचण असते ती दुधाची. टाळू दुभंगलेल्या बाळाला अंगावरचें दूध नीट ओढतां येत नाहीं. त्याला कसें धरावें, वाटी-चमच्यानें कसें पाजावें, हें आईला पहिल्या दिवसांतच कोणीतरी शांतपणें शिकवावें लागतें. नेमक्या त्याच दिवसांत घरांतील वडील मंडळी गेल्या वर्षाचें पंचांग धुंडाळीत असतात.