जुन्या मोटारीचे नवे गणित

छोट्या मोटारींवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ रोजी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि ऐन नवरात्रात नव्या गाड्यांच्या दालनांत झुंबड उडाली. त्या गडबडीत जुन्या गाड्यांचा बाजार थोडा दुर्लक्षित राहिला. वास्तविक करकपातीचा खरा हिशेब तिथेच मांडायला हवा होता. त्या महिन्यात जाहीर झालेल्या दरांनुसार एस-प्रेसोची शोरूम किंमत साडेतीन लाखांच्या आत आणि अल्टो के-१० ची तीन लाख सत्तर हजारांच्या आत सुरू होत होती. नोंदणी आणि विमा धरून त्यात भर पडते हे खरे. तरीही आठ-नऊ वर्षे वापरलेल्या गाडीसाठी कोणी तीन-सव्वातीन लाख मागू लागला, तर ग्राहकाने आता दोनदा विचार करावा अशीच ही परिस्थिती आहे.

रोहा शहराला लागून असलेल्या वरसेसारख्या गावात हा प्रश्न चर्चेपुरता राहत नाही. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील नोकरी, रोह्याची बाजारपेठ आणि मुलांची शाळा एवढ्यापुरतीच गाडी रोज लागते, म्हणजे काही किलोमीटरच. मात्र महिन्यातून एकदा-दोनदा मुंबई किंवा पनवेल गाठायचे असते, कधी ताम्हिणी घाट चढून पुणे. चार-पाच माणसे, डिकीत सामान, बाहेर कोकणातला पाऊस आणि आत काचा धुरकटू नयेत म्हणून सतत चालू असलेला एसी, अशी ही स्वारी असते. दोन-अडीच लाखांची जमवाजमव करून घेतलेल्या गाडीचे इंजिन वर्षभरात उघडावे लागले, तर त्या घराचे पुढच्या दोन वर्षांचे अंदाजपत्रक कोलमडते. आणि बाजारात फिरणारा ग्राहक प्रथम पाहतो ते रंग, टायर आणि किलोमीटरचा आकडा. तीनही गोष्टी बदलता येतात, तिसरी तर सर्वांत स्वस्तात.

इंजिनांची तुलना करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. भारतातील छोट्या पेट्रोल इंजिनांचा आकार अभियंत्यांइतकाच अर्थमंत्र्यांनीही ठरवला आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आले. त्यानंतरच्या गाड्यांचे आकडे पाहा: मारुतीचे ११९७ सीसी, ह्युंदाईचे कप्पा ११९७, होंडा ब्रिओचे ११९८, टाटा टियागोचे ११९९. ही सगळी इंजिने त्या रेषेच्या एक पाऊल अलीकडे थांबलेली आहेत. स्विफ्टचे मूळचे १२९८ सीसीचे इंजिन २०१० मध्ये जाऊन १.२ लिटरचे आले, त्यामागे प्रदूषणाचे नवे मानक होते तशीच ही सवलतही होती. २०२५ च्या करकपातीतही पेट्रोलसाठी १२०० सीसी आणि चार मीटर हीच मर्यादा कायम राहिली.

जुन्या बाजारातील पेट्रोल गाड्यांचे त्यामुळे ढोबळमानाने तीन थर दिसतात. सर्वांत खालचा थर ८०० सीसीच्या आसपासचा. अल्टोचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन या देशातल्या कोणत्याही गॅरेजमध्ये डोळे मिटून दुरुस्त होते आणि त्याचे सुटे भाग तालुक्याच्या दुकानातही मिळतात. क्विडचे ७९९ सीसीचे इंजिन त्याहून नवे आणि थोडे ताकदवान, ५४ अश्वशक्तीचे. रोहा-कोलाड एवढ्या फेऱ्यांना दोन्ही पुरेशी आहेत. पण ताम्हिणीच्या चढावर पाच माणसांसह एसी लावला की या इंजिनांचा दम उखडतो, चालक पहिला-दुसरा गिअर सोडू शकत नाही, आणि कागदावरचे अॅव्हरेज त्या दिवशी कागदावरच राहते. लहान इंजिनाला सतत ताणून चालवले तर ते मोठ्या इंजिनाहून अधिक इंधन पिते, ही गोष्ट विक्रेते सांगत नाहीत.

मधला थर एक लिटरचा. मारुतीचे ९९८ सीसीचे के-मालिकेतील इंजिन २००८ च्या ए-स्टारपासून सुरू झाले आणि पुढे २००९ ची एस्टिलो, २०१० ची वॅगन-आर व अल्टो के-१०, २०१४ ची सेलेरिओ अशा गाड्यांत आले. अल्टो के-१० सारख्या हलक्या गाडीत त्याची ६८ अश्वशक्ती चांगलीच जाणवते. तीन सिलिंडर असल्याने गाडी उभी असताना स्टिअरिंगला थरथर असते. ती जुनी खोड आहे, बिघाड नव्हे. मात्र थरथर दारांपर्यंत पोहोचत असेल तर इंजिनाच्या माउंटिंगची रबरे गेली असे समजावे. या वर्गाला आणखी एक सवलत आहे. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीचा तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता २,०९४ रुपये, तर हजार ते दीड हजार सीसीसाठी ३,४१६ रुपये ठरला. ९९८ आणि १०६१ सीसीच्या वॅगन-आरमधला हा फरक ग्राहकाच्या ध्यानातही येत नाही.

वरचा थर १.२ लिटरचा, आणि कुटुंबाची गाडी म्हणून सर्वांत समतोल उत्तर बहुधा इथेच सापडते. स्विफ्ट, रिट्झ, डिझायरमधले के-मालिकेचे इंजिन, आय-१० व ग्रँड आय-१० मधले कप्पा आणि ब्रिओचे आय-व्हीटेक ही तिन्ही चार सिलिंडरची, ८० ते ८८ अश्वशक्तीच्या दरम्यानची. त्यांचा स्वभाव मात्र वेगळा आहे. ब्रिओचे इंजिन वेगात गेल्यावर खुलते. महामार्गावर ते आनंद देते, गावातल्या गर्दीत गिअर बदलायला लावते. मारुती आणि ह्युंदाईची इंजिने कमी वेगातही न कुरकुरता ओढतात. टियागोचे तीन सिलिंडरचे इंजिन मऊपणात या तिघांच्या मागे आहे. खालच्या वेगातली त्याची ओढ मात्र घाटात उपयोगी पडते. ब्रिओचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील विक्री बंद केली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. बीट किंवा फिगोचे इंजिन वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. पण त्यांचा एखादा सेन्सर हवा असेल तर रोह्यात बसून कुरिअरची वाट पाहावी लागण्याची शक्यता अधिक.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा फरक झाकणाआड असतो. जुन्या अल्टोचे ७९६ सीसीचे, २०१० पूर्वीच्या वॅगन-आरचे १०६१ सीसीचे, पहिल्या स्विफ्टचे १.३ लिटरचे आणि सॅन्ट्रोचे इंजिन टायमिंग बेल्टवर चालते. के-मालिका, कप्पा आणि ब्रिओला टायमिंग चेन आहे. बेल्ट रबराचा, तो ठरावीक किलोमीटरला किंवा वर्षांनी बदलावाच लागतो, आणि गाडी उभी राहिली तरी रबर म्हातारे होतच असते. बेल्ट तुटला की गाडी जागेवर थांबते, आणि अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून हेड उतरवण्याची वेळ येते. बेल्ट बदलल्याचे बिल विक्रेत्याकडे नसेल, तर तो बदललेला नाही असे धरून किंमत ठरवावी. चेन दीर्घकाळ टिकते, पण तिचे आयुष्य ऑइलवर अवलंबून असते. वरसे-रोहा अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापतच नाही. मग ऑइलमध्ये पाणी आणि कच्चे पेट्रोल मिसळत राहते. अशा गाडीचे ऑइल किलोमीटर मोजत न बसता महिने मोजून बदलावे लागते. ‘फक्त वीस हजार चाललेली’ दहा वर्षांची गाडी म्हणूनच आपोआप चांगली ठरत नाही.

आता अॅव्हरेजचा मुद्दा. वर्षाला दहा हजार किलोमीटर धावणारी एक गाडी लिटरला १८ किलोमीटर देते आणि दुसरी १६, तर फरक सुमारे ७० लिटरचा पडतो. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरले तर वर्षाला सात हजार, म्हणजे महिन्याला सहाशेच्या आत. एका हेड गॅस्केटच्या कामात हे सगळे पैसे जातात. दोन किलोमीटरच्या अॅव्हरेजसाठी दुबळे किंवा थकलेले इंजिन पदरात घेण्यात फारसा शहाणपणा नाही.

याच हिशेबात इथेनॉलही धरायला हवे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२५ मध्ये देशभर पंपांवर पोहोचले. या मिश्रणाला अनुरूप गाड्यांचे उत्पादन मात्र एप्रिल २०२३ पासूनचे. त्यापूर्वीच्या गाड्या कमी मिश्रणासाठी घडवलेल्या आहेत. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींच्या इंधनक्षमतेत सहा ते सात टक्के घट अपेक्षित धरली होती. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये मोठ्या घटीची भीती निराधार ठरवली. मात्र काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावी लागू शकतात, हेही मान्य केले. १८ चे अॅव्हरेज १७ च्या खाली आले तर घाबरण्यासारखे काही नाही. पण २०११ ची गाडी आणि मे २०२३ ची गाडी यांच्या किमतीतला फरक आता केवळ वयाचा राहिलेला नाही, आणि वाटाघाटीत तो मुद्दा काढायला कोणाची हरकत नसावी. इंधनाच्या नळ्या आणि सील नव्याने बसवण्याचा खर्च आधीच किमतीतून वजा करून घेतलेला बरा.

रायगडात सीएनजीची सोय वाढल्याने किट बसवलेल्या गाड्यांना मागणी आहे. कंपनीतून आलेले किट आणि बाहेर बसवलेले किट यांत मोठा फरक असतो. कोरड्या गॅसवर वर्षानुवर्षे चाललेल्या साध्या पेट्रोल इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठकी झिजतात. किटची नोंद आरसी पुस्तकात आहे का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो चाचणी झाली आहे का, हे पाहावे. पिवळ्या पाटीची पांढरी झालेली गाडी तर दूरच ठेवावी.

कोकणात आणखी एक सावधगिरी हवी. २६ जुलै २००५ नंतर मुंबईत आणि जुलै २०२१ नंतर महाड-चिपळुणात हजारो वाहने पाण्याखालून निघाली. पुराचे पाणी सिलिंडरात शिरलेले असताना किल्ली फिरवली की कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पुढे चालते, पण आतून टकटक सुरू होते. सीटखालचे गंजलेले नट, पट्ट्याच्या तळाशी साचलेला गाळ आणि गालिच्याचा कुबट वास यांवरून पुराचा संशय घेता येतो. गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना, आणि शक्य तर विक्रेत्याला वेळ न कळवता जावे. पहिल्या स्टार्टला निळा धूर आला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेले; ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस म्हणजे पाणी मिसळले, मग ते छोट्या फेऱ्यांमुळे की फुटलेल्या गॅस्केटमुळे, हे ओळखीच्या मेस्त्रीकडून तपासून घ्यावे. कॉम्प्रेशन आणि स्कॅनर तपासणीला जो विक्रेता नकार देतो, त्याच्याशी किमतीचे बोलणेच नको.

कागदपत्रांत बँकेचा बोजा, थकीत ई-चलन आणि उच्च सुरक्षा नंबरपाटी यांबरोबर नोंदणीची मुदत पाहावी. मुंबई-ठाण्यातली एमएच-०२ किंवा एमएच-०४ पासिंगची गाडी रायगडच्या एमएच-०६ हद्दीत आणताना पेणच्या परिवहन कार्यालयात हस्तांतर होते, पण पंधरा वर्षांचे घड्याळ पहिल्या नोंदणीपासूनच चालू असते. २०१२ मध्ये रस्त्यावर आलेली गाडी २०२७ मध्ये नूतनीकरणाला येईल. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क पाच हजार रुपये आहे, शिवाय पर्यावरण कर आणि योग्यता तपासणी. ऑगस्ट २०२५ च्या नियमानुसार वीस वर्षांवरील मोटारीसाठी तेच शुल्क दहा हजार झाले. विक्रेता सौद्याच्या वेळी हा आकडा काढत नाही. ग्राहकाने तो किमतीतून वजा करूनच बोली सुरू करावी.