भिंतीवरच्या बाईचं नाव काय?

वस्तीतल्या बचतगटाच्या बायकांना घेऊन मध्यंतरी एका संग्रहालयात गेले होते. देशाचा इतिहास आणि संस्कृती दाखवणाऱ्या छायाचित्रांचे प्रदर्शन होते. एका फोटोपाशी आमच्यातली एक आजी थबकली. फोटोत तीन पुरुष, दोन बायका. खालची ओळ मी वाचून दाखवली : तिन्ही पुरुषांची नावे, हुद्दे आणि शेवटी 'व इतर'. आजी म्हणाली, "या दोघींना काय आईबापानं नाव ठेवलं नव्हतं?"

हा निव्वळ निष्काळजीपणा आहे, असे मला वाटत नाही. ही एक नजर आहे, आणि ती जुनी आहे. इंग्रजी अमलात, १८६८ ते १८७५ दरम्यान 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ छायाचित्र-खंड निघाले. त्यातल्या बहुतेक माणसांची ओळख जात, जमात, धंदा एवढीच. राज्य करायला वर्गवारी पुरते, नावे लागत नाहीत. स्वातंत्र्यानंतर भिंतीवर पुढाऱ्यांची नावे आली. बाई मात्र 'निर्वासित स्त्री', 'सत्याग्रही महिला', 'आदिवासी युवती' अशीच राहिली. इतिहास म्हणजे सभा, करार, सह्या. संस्कृती म्हणजे बाईचे दागिने आणि डोक्यावरची घागर. ही वाटणी कोणी केली?

बाई कॅमेऱ्यामागे असली तरी सुटका नाही. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. त्यांची सुरुवातीची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली गेली. पुढे दिल्लीत त्यांनी सत्तांतर टिपले, गांधीजींची अंत्ययात्रा टिपली. १९७० साली त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले ते २०१० साली, त्यांनी नव्वदी ओलांडल्यावर! आता देशाच्या इतिहासात त्यांना 'पहिली महिला वृत्तछायाचित्रकार' म्हणून मानाचा कोपरा मिळतो. मिळालाच पाहिजे. पण एका बाईला कोपरा दिला म्हणून उरलेल्या भिंतीचा हिशेब चुकता होत नाही.

कोणी म्हणेल, जुन्या फोटोतली नावे आता कुठून आणायची? कबूल, अनेक नावे हरवली आहेत. मग तसे स्पष्ट लिहा : 'नाव नोंदवले गेले नाही.' 'व इतर' लिहून झाकू नका. फोटोशेजारी कोरी वही ठेवा, वस्त्यांतल्या, चाळींतल्या म्हाताऱ्या बायकांना बोलवा, त्यांना विचारा. ओळख पटवणारी माणसे अजून आहेत. ती कायम राहणार नाहीत.

आणि मैत्रिणींनो, बोट फक्त संग्रहालयाकडे दाखवून भागणार नाही. १९७२ नंतर मुंबईत महागाईविरुद्ध लाटणे मोर्चे निघाले. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर ही नावे आपल्याला पाठ आहेत. त्यांच्या मागे लाटणी उगारून चालणाऱ्या बायकांपैकी किती जणींची नावे आपण सांगू शकतो? आपल्याच कार्यालयातल्या ट्रंकेत मोर्चांचे, शिबिरांचे शेकडो फोटो पडून आहेत. मागची बाजू कोरी आहे. मोबाइलमधल्या फोटोंची गत याहून वेगळी नाही.

पुढच्या बैठकीत ती ट्रंक उघडू या. जुन्याजाणत्या कार्यकर्त्यांना शेजारी बसवू या आणि प्रत्येक फोटोमागे नाव, गाव, साल लिहू या. उद्या कोणी आपला इतिहास भिंतीवर लावेल, तेव्हा त्यात 'व इतर' नको.