रेटिंग चांगलं म्हणजे ड्रायव्हर चांगला?

हॉस्टेलवर रात्री अकरानंतर दोनच विषयांवर भांडणं होतात. एक मेसची भाजी आणि दुसरं म्हणजे ऑनलाइन रेसमध्ये कोणी कोणाला ठोकलं. भाजीवर बोलून उपयोग नाही. पण दुसऱ्या विषयावर थोडं लिहावंसं वाटतं, कारण ते भांडण हल्ली एका वाक्यात संपतं: "माझं सेफ्टी रेटिंग बघ आणि तुझं बघ!" कमी आकडेवाला, म्हणजे बहुतेक वेळा एखादा ज्युनियर, गप्प बसतो.

मित्रांनो, हा आकडा नक्की काय मोजतो? २००८ साली सुरू झालेलं आयरेसिंग घ्या. तिथे आयरेटिंग तुमचं कौशल्य दाखवतं आणि सेफ्टी रेटिंग तुमची 'सुरक्षितता'. हिशोब सोपा आहे. किती वळणं घेतली आणि त्यात किती इन्सिडेंट पॉइंट झाले, एवढंच. ट्रॅकबाहेर गेलात की १, गाडीवरचा ताबा सुटला की २, डांबरी ट्रॅकवर दुसऱ्या गाडीशी जोरात टक्कर झाली की ४. त्यावरच रूकी, डी, सी, बी, ए अशी लायसन्स ठरतात.

गंमत म्हणजे टक्कर झाली की ते ४ पॉइंट दोघांनाही बसतात. चूक कोणाची, हे कॉम्प्युटर विचारतच नाही. मागच्याने उशिरा ब्रेक लावून तुम्हाला उडवलं तरी तुम्हाला ४. त्याहून वाईट म्हणजे कोणी आत घुसला आणि त्याला वाचवायला तुम्ही ट्रॅकबाहेर गेलात, तर तुम्हाला १ आणि त्याला शून्य! काही जण तर मुद्दाम पिटमधून सुरुवात करतात, सगळ्यांच्या मागे एकटेच फिरतात आणि रेटिंग वाढवून घेतात.

मग हे रेटिंग बकवास आहे का? तसंही नाही. दोष ठरवणं खरंच अवघड असतं. फॉर्म्युला वनमध्ये २०१४ पासून पेनल्टी पॉइंट आहेत, १२ महिन्यांत १२ झाले की एका रेसची बंदी. तिथे माणसं रिप्ले बघून निर्णय देतात. २०२४ मध्ये केविन मॅग्नुसन या नियमाखाली बंदी आलेला पहिला ड्रायव्हर ठरला. शेवटचे पॉइंट मिळाले ते मॉन्झाला पिएर गॅस्लीशी झालेल्या धडकेबद्दल, आणि खुद्द गॅस्लीलाच ती शिक्षा अन्यायाची वाटली! तिथे ही कथा, तर रोजच्या असंख्य रेसेसमध्ये कॉम्प्युटर काय न्याय करणार? म्हणून दोघांनाही सारखेच पॉइंट. शिवाय शंभर रेसमध्ये नशीब बऱ्यापैकी सारखं होतं. ज्याच्या बाबतीत दर वेळी 'दुसऱ्याचीच चूक' असते, त्याने जरा विचार करावा. धोका ओळखून लांब राहणं हीसुद्धा एक कलाच आहे.

माझ्या मते सेफ्टी रेटिंग हे आपल्या ७५ टक्के अटेंडन्ससारखं आहे. अटेंडन्स फारच कमी असेल तर काहीतरी गडबड आहे हे कळतं. पण पूर्ण असला म्हणून विषय समजलाच, असं कोणते सर म्हणतील? स्वच्छ रेसिंग म्हणजे शेजारच्याला गाडीभर जागा सोडणं, धक्का देऊन मिळालेली जागा परत करणं. याचे पॉइंट कुठेच मिळत नाहीत.

म्हणून हॉस्टेलची लीग घेताना एवढंच करूया: भांडण झालं की रेटिंग नाही, रिप्ले उघडायचा. त्या रेसमध्ये नसलेल्या दोघांनी तो बघून निर्णय द्यायचा. आयरेसिंगमध्येसुद्धा रिप्ले जोडून तक्रार करता येते, तिचा निकाल माणसंच देतात. चार वर्षं खेळलेल्याचा आकडा मोठा असणारच. पण त्या वळणावर आत कोण घुसलं, हे तो आकडा सांगत नाही. ते त्या ज्युनियरला विचारा, तोही तिथेच होता.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल