जुन्या दुकानाची पाटी

“आमच्याकडे दोन कंपन्यांच्या लाइनी आहेत, एक गेली तर दुसरी आहेच,” असं एखादा आयटीवाला सांगतो, तेव्हा मी विचारतो, “पण गेली हे कळतं कसं?”

केबल दारातच तुटली तर प्रश्न नाही. पोर्ट पडतो, राउटर लगेच दुसरीकडे वळतो. मध्ये एखादा स्विच असला की मात्र पलीकडे सगळं संपलं तरी इकडचा दिवा हिरवाच. मग भिस्त हाकेवर. बीजीपी ही कोणता पत्ता कुठल्या वाटेने गाठायचा ते सांगायची भाषा; ती बोलणारे राउटर एकमेकांना ठरावीक वेळाने ‘आहे’ असं कळवत राहतात. मानकात सुचवलेलं अंतर 30 सेकंदांचं. 90 सेकंद शुकशुकाट असला की शेजारी गेला असं धरायचं. सिस्कोच्या राउटरवर कोणी बदलले नसतील, तर हेच आकडे 60 आणि 180. म्हणजे तीन मिनिटं सगळी रहदारी खड्ड्यात. बीएफडी, म्हणजे भराभर हाका मारायची वेगळी सोय, लावलं तर हेच सेकंदाच्या आत कळतं. ते लावायचा कंटाळा का करतात, देव जाणे.

तरी हाक देणारा दारातलाच शेजारी. त्याच्या परसात आग लागली असली, तरी तो ओसरीवरून ‘आहे’ म्हणतोच. म्हणून प्रत्येक लाइनीतून दूरचे चार-पाच पत्ते चाचपावे लागतात. एकाच पत्त्यावर विसंबलात, तर तो झोपला म्हणून धडधाकट लाइन सोडून द्याल.

बरं, जाणारी वाट तुमच्या हातात, येणारी नाही. 30 ऑगस्ट 2020, रविवार. अमेरिकेतल्या सेंच्युरीलिंकच्या जाळ्यात एक चुकीचा फ्लोस्पेक नियम (कोणती रहदारी अडवायची ते राउटरांना कळवणारा) पसरला आणि त्यांच्याच राउटरांचं बीजीपी अडलं. दोन लाइनीवाल्या ग्राहकांनी ती लाइन तोडली. शहाणपणाच केला! पण त्यांचे पत्ते ‘माझ्याकडेच’ म्हणून सेंच्युरीलिंक जगाला सांगतच राहिली. दुकान हलवलं, जुन्या जागेवरची पाटी तशीच. गिऱ्हाईक बंद शटरवर आपटत राहिलं.

तोडगा होता. इंटरनेटवर जास्त नेमका पत्ता जिंकतो. म्हणून आपल्या पत्त्यांच्या गठ्ठ्याचे लहान तुकडे करून ते दुसऱ्या लाइनीवरून जाहीर करायचे. मात्र 256 पत्त्यांहून लहान तुकडा जग सहसा ऐकून घेत नाही. ज्यांच्याकडे मुळात तेवढाच तुकडा होता, त्यांना ती पाटी उतरेपर्यंत थांबावं लागलं. त्या दिवशीचा गोंधळ निस्तरायला पाचेक तास गेले.

— तारमास्तर